आला पास्ता मुलुंडला!

मुलुंड असो की बोरिवली, कोपऱ्यावर नवं इटालियन रेस्टॉरंट-बार उघडलं की पहिल्या शनिवारी वेटिंग ठरलेलं. रांगेत नाव नोंदवण्याआधी एवढं वाचाच.

एक जमाना होता, इटालियन खायचं म्हणजे ‘टाऊन’ला जायचं. कफ परेडच्या प्रेसिडेंट हॉटेलातलं ‘ट्रॅटोरिया’ हे त्याचं देऊळ आणि शेवटची लोकल चुकू नये म्हणून गोड अर्धवट टाकून पळणं हा प्रसाद. उपनगरवाल्यांची धाव फार तर जुहूपर्यंत. बाकी आपल्याकडे इटालियन म्हणजे उडप्याच्या मेन्यूच्या शेवटच्या पानावरचा पिझ्झा. जाड पाव, गोडुस केचप आणि वर किसलेलं अमूल. (तोही मिटक्या मारत खाल्लाय, नाही म्हणू नका!)

आता चित्र पालटलंय. ऑफिसं अंधेरी, पवई, गोरेगावात आली. जून २०१४मध्ये वर्सोवा-घाटकोपर मेट्रो धावू लागली. पगार जिथे मिळतो तिथेच तो उडवायचीही सोय झाली! तेव्हा घराजवळ नवी जागा उघडलीच आहे, तर जरूर जा. पण पिवळे दिवे, विटांची भिंत आणि इन्स्टाग्रामवरचे फोटो बघून भाळू नका. स्वयंपाकघराची परीक्षा घ्यायचे सोपे फंडे आहेत.

पिंक सॉस नको रे बाबा

पहिल्या भेटीत ‘आल्यो ए ओल्यो’ मागवा. ऑलिव्ह ऑइल, लसूण, सुकी मिरची, वर थोडी पार्सली. बस्स! पिंक सॉसमध्ये क्रीमच्या रजईखाली काहीही दडवता येतं, इथे लपायला जागाच नाही. लसूण करपला की गेला, पास्ता गिचका झाला की गेला. ‘अल देन्ते’चा शब्दशः अर्थ ‘दाताला’. शिजलेला, पण चावताना जरासा ताठ. पास्ता ड्युरम गव्हाचा, म्हणजे आपल्या बन्सी गव्हाच्याच जातकुळीतला. शेवयांचा लगदा करणाऱ्याला आजी जे सुनावते, तेच शेफला सुनवायला हरकत नाही.

रिसोटोची परीक्षा घड्याळावर. आर्बोरिओसारखा आखूड तांदूळ गरम स्टॉक थोडा थोडा घालत ढवळत शिजवायचा, म्हणजे साधारण १८-२० मिनिटं जाणारच. पाच मिनिटांत आला, तर तो आधीच अर्धा शिजवून ठेवलेला. बशीत सैलसर पसरायला हवा, पण गुरगुट्या भात नको. दाणा लागला पाहिजे.

पिझ्झ्यात साधा मार्गारिटा घ्या. नेपल्सच्या पद्धतीत जेमतेम ६० ते ९० सेकंदांत पिझ्झा भाजला जातो, तोही ४५० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या भट्टीत. लाकडाच्या भट्टीचं कौतुक मात्र आवरतं घ्या. जानेवारी २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर यायला सांगितलं. गॅस किंवा विजेच्या ओव्हनमधूनही झकास पिझ्झा निघतो. तळ कुरकुरीत आणि कड फुगलेली असली की झालं.

‘सर, व्हेजच आहे’

आता खरा पेपर. घाटकोपर किंवा बोरिवलीत सहा जणांचं टेबल बुक करा. त्यात दोन जैन, एकीचा श्रावण आणि एक जण अंडंही न खाणारा, हे गृहीत धरा. ही गर्दी इटालियनवाल्यांनी फार आधी ओळखली. ‘लिटल इटली’ १९८९ साली पुण्यात सुरू झालं तेच शाकाहारी म्हणून. पण प्रत्येक नवीन जागा तेवढी जागरूक असते असं नाही.

गोम चीजमध्ये आहे. अस्सल पार्मिजानो रेज्जानो वासराच्या जठरातल्या रेनेटशिवाय बनतच नाही, तसा नियमच आहे. पेकोरिनो रोमानोला कोकराचं रेनेट लागतं. म्हणजे ‘व्हेज’ पेस्तो पास्त्यावर भुरभुरलेलं चीज परदेशी असेल, तर काटेकोर शाकाहारी माणसाला ते चालणार नाही. पानाकोटा बहुतेकदा जिलेटिनवर सेट होतो. टिरामिसूत मस्कार्पोने निर्धोक, ते लिंबासारख्या आम्लाने जमवतात, पण पारंपरिक कृतीत अंडी असतात. कुठे कुठे रमही.

यावर उपाय आहेत. सूक्ष्मजीवांपासून केलेल्या रेनेटचं भारतीय चीज सहज मिळतं, पाकिटावर हिरवा ठिपकाही असतो. पानाकोटा चायना ग्रासवर सेट होतो. प्रश्न एवढाच, की विचारल्यावर खरं उत्तर मिळतं का? अलीकडे एका ठिकाणी मैत्रिणीने वेटरला विचारलं. ‘एक मिनिट मॅडम’ म्हणत तो आत गेला आणि चक्क चीजचं पाकीट घेऊन आला. पास्ता ठीकठाक होता, पण आमचा ग्रुप तिथे पुन्हा जाणार हे तेव्हाच ठरलं. उलट ‘सगळं व्हेजच आहे’ असं न बघता सांगणारी जागा कितीही चकाचक असो, मी तिथे कोणाला नेणार नाही. आणि हो, टेबलावरच्या चिकन खाणाऱ्यांनी ‘एवढ्याने काय होतं, चालतं रे’ म्हणू नये. ज्याचं व्रत त्याने ठरवावं. विचारणाऱ्याला लाज वाटू नये, एवढी तरी मैत्री निभवा.

बारकडे वळताना

टोमॅटोच्या आंबटपणाला सांजोव्हेसे जातीच्या द्राक्षांची रेड वाइन शोभते, आणि त्यासाठी टस्कनीच गाठायला नको. सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजला ‘फ्रातेल्ली’चे मळे आहेत. इटालियन आणि भारतीय भावांनी मिळून ते उभारले, म्हणून नाव ‘फ्रातेल्ली’, म्हणजे भाऊ. मेन्यूत दिसली तर मागवून बघा. जिन, कांपारी आणि गोड व्हर्मुथ सारख्या मापाने घेतलेली निग्रोनी कडू लागते, ती तशीच असते. पण महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट २१ आणि जिन-व्हिस्कीसाठी २५ आहे. तेव्हा ऑफिसातल्या २३ वर्षांच्या ट्रेनीला निग्रोनीचा आग्रह नको.

बिल आल्यावर

गल्लीतल्या अशा रेस्टॉरंटात जेवणावर जीएसटी ५ टक्के. दारू जीएसटीबाहेर, तिच्यावर राज्याचा व्हॅट. तो नोव्हेंबर २०२३मध्ये ५चा १० टक्के झाला. सर्व्हिस चार्ज हा कर नव्हे. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२मध्ये तो आपोआप लावायला मनाई केली आणि मार्च २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. नको असेल तर हसतमुखाने काढायला सांगा. मात्र पाकीट आणून दाखवणाऱ्या त्या वेटरच्या हातावर टिप जरूर ठेवा.

शेवटचा सल्ला: शनिवार टाळा, मंगळवारी जा. शनिवारी नवीन जागा कुठलीही भरते. मंगळवारी रात्री नऊला शेजारच्या सोसायटीतले काका-काकू तिथे मिनेस्त्रोने पीत बसलेले दिसले, तर समजा की ही जागा टिकणार.