पूर्ववत करण्याची रीत

ज्ञानेश्वरी शके 1212ची. पाठांतरात आणि नकलांत बिघडत गेलेली तिची संहिता एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, शुद्ध केली आणि तसे ग्रंथाअखेरीच्या ओव्यांत नोंदवूनही ठेवले. मात्र नेमके काय गाळले, कोणते शब्द पूर्ववत केले, याची यादी आपल्यापर्यंत आलेली नाही. पुढे 1909 मध्ये राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून एक प्रत छापली, तेव्हा तिच्या प्राचीनतेविषयी वाद झाला तो याच अंधारात.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न असतो. लिनस टोरवाल्ड्स यांनी 2005 मध्ये रचलेल्या ‘गिट’ या प्रणालीत बदल मागे घेण्याच्या दोन वाटा आहेत. ‘रिसेट’ शाखेला जुन्या नोंदीवर नेऊन ठेवते. नंतरच्या नोंदी तिच्या इतिहासातून दिसेनाशा होतात. (काही काळ त्या ‘रिफ्लॉग’मधून परत मिळतात, नोंद न केलेले काम मात्र ‘हार्ड’ रिसेटने गेले की गेले.) ‘रिव्हर्ट’मध्ये चुकलेला बदल इतिहासात राहतो आणि त्याच्या बरोबर उलटा बदल नवी नोंद म्हणून जोडला जातो. एकट्याच्या मसुद्याला रिसेट पुरे. संहिता सामायिक झाली की रिव्हर्टच करावा, असे माझे मत आहे.

समजा, धाकटी डहाणूच्या मांगेल्यांच्या बोलीचा कोश विद्यार्थी मिळून रचत आहेत. एखादी मुलगी माशांची, जाळ्यांची नावे घरच्या उच्चाराप्रमाणे लिहिते आणि दुसरा कोणी प्रमाणलेखनाच्या भरात ती ‘सुधारतो’. (हा भर आम्हा मराठीच्या प्राध्यापकांइतका कोणाला असणार!) सगळा कोश मागच्या आठवड्यावर नेला, तर मधल्या दिवसांतल्या इतरांच्या नोंदीही जातील. तेवढाच बदल उलटवला, तर तिचे शब्द परततात. शिवाय ते कोणी, कधी ‘शुद्ध’ केले होते, तेही राहते. मला हे दुसरे अधिक मोलाचे वाटते. बोलीवर प्रमाणभाषेचा हात कसा फिरतो, याचा एवढा नेमका पुरावा छापील कोशांत क्वचितच सापडेल.

रिव्हर्टच्या नोंदीत गिट ठराविक मजकूर आपणच भरते. संपादकाने त्यावर भागवू नये; कारण लिहावे. आणि त्याच ओळीत नंतर आणखी कोणी फेरफार केला असेल, तर गिट बहुधा अडून बसते, दोन्ही पाठ समोर मांडते आणि निवड माणसावर सोडते. तिथे संगणकाच्या जाणकारापेक्षा पाठचिकित्सा शिकलेला विद्यार्थी बसलेला बरा.