पोपटाचा पाहुणचार

कुत्र्याला काय घालावं हे लोक डॉक्टरला विचारतात, गाईचं गवळ्याला विचारतात. पोपटाचं मात्र ज्याला त्याला उपजतच ठाऊक असतं. हिरवी मिरची, पेरू आणि भिजवलेली हरभऱ्याची डाळ! अंकलिपीतला पोपट हेच खातो, सबब सर्व पोपटांनी हेच खावं. माझं भांडण या पाठांतराशी आहे. पोपटपंची पिंजऱ्यात चालते असा आपला समज. खरी पोपटपंची चालते ती पिंजऱ्याबाहेर.

प्रथम मिरचीला निर्दोष सोडून देतो. "तिखट लागत असेल हो बिचाऱ्याला!" म्हणून हळहळणाऱ्या समस्त मावश्यांनी निश्चिंत व्हावं. आपल्या जिभेला आग लावणारं मिरचीतलं द्रव्य पक्ष्यांना झोंबतच नाही. उलट मिरचीत जीवनसत्त्वं असतात. तेव्हा मिठूच्या वाटीतला सगळ्यात सभ्य पदार्थ बहुधा तीच.

खरे गुन्हेगार घरात प्रतिष्ठित म्हणून वावरतात. पहिला मान चहात बुडवलेल्या बिस्किटाचा. "आमचा मिठू चहा घेतल्याशिवाय एक शब्द बोलत नाही," हे काय कौतुकानं सांगतात! अहो, आमच्या बँकेतही निम्मे लोक तसेच आहेत. पण त्रैराशिक मांडून बघा. ज्याला आपण दुकानदाराच्या भरवशावर 'लव्हबर्ड' म्हणतो, त्या बजरीगरचं वजन असतं सुमारे ३५ ग्रॅम. ७० किलोच्या हेडक्लार्कशी तुलना केली, तर त्याला एक चमचा चहा म्हणजे साहेबांना १० लिटर! त्यातलं कॅफिन पाखराच्या काळजाला धडकी भरवतं आणि दुधातली साखर त्याला पचत नाही. चॉकलेट आणि अॅव्होकॅडो तर सरळ विषच. खारट फरसाण, कांदा, लसूण आणि सफरचंदाच्या बियाही त्याच रांगेत उभ्या करा.

दुसरा गुन्हेगार म्हणजे सूर्यफुलाच्या बिया. "पण तो आवडीनं खातो हो!" खाईल नाहीतर काय! बंड्यालाही श्रीखंड आवडतं, म्हणून तीन वेळा श्रीखंडच वाढतो का आपण? या बियांत चरबी भरपूर, पण अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम यांची बोंब. नुसत्या त्यांच्यावर पोसलेल्या पक्ष्याच्या यकृतावर चरबी साचते आणि श्वासाचे विकार जडतात.

त्यातून पक्षी दाणा सोलून खातो आणि टरफल वाटीतच टाकतो. मालक लांबून बघतात, वाटी भरलेली दिसते, समाधानानं ऑफिसला जातात. पासबुक जाडजूड आहे म्हणून खात्यात शिल्लक आहे असं मानण्यातला हा प्रकार! रोज एक फुंकर मारली तर कळेल की आत खडखडाट आहे.

"मग घालायचं तरी काय?" असं आता तुम्ही वैतागून विचाराल. पक्ष्यांसाठी बनवलेल्या गोळ्या मिळतात, त्या मुख्य जेवण म्हणून. त्यांच्या जोडीला मेथी, कोथिंबीर, शेवग्याचा पाला, गाजर, तांबडा भोपळा, मोड आलेले मूग. फळ थोडं, बिया बक्षिसापुरत्या, पाणी रोज ताजं. यातलं बरंचसं आपल्याच भाजीच्या पिशवीतून निघतं, म्हणजे खर्चाची सबब बाद! मात्र बदल हळूहळू करावा. आज ठेवलेलं गाजर तो फेकणार, उद्याही फेकणार, पंधरा दिवसांनी चोच लावणार. एकदम जुना दाणा बंद केलात तर हट्टानं उपाशी राहील.

यावर एखादे अण्णा हमखास म्हणतात, "आमच्या आजोबांचा राघू डाळ-पोळीवर बारा वर्षं जगला." अण्णा, नीट सांभाळलेला राघू पंचवीस वर्षंही जगू शकतो. म्हणजे तुमचा राघू अर्ध्या वाटेतच गेला, आणि वर तुम्ही त्याचे दाखले देता! शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपला हा हिरवा राघू पकडणं, विकणं आणि पाळणं हा गुन्हा आहे. त्याचा उत्तम आहार म्हणजे रानातली फळं, फुलं, कोंब आणि दाणे, आणि तो त्याचा त्याला निवडता येतो. आपल्या सल्ल्याची त्याला गरज नाही.

प्रश्न उरतो तो पिंजऱ्यातल्या परदेशी पाहुण्यांचा. पक्षी आजार लपवतो. रानात आजारी दिसला की शिकारी त्यालाच हेरतो, म्हणून ही जुनी सवय. पिसं फुगवून गप्प बसलेला दिसला, तेव्हा उशीर झालेला असतो. आपण त्याला 'या', 'बसा', 'चहा घ्या' सगळं शिकवतो. 'माझं पोट दुखतंय' हे वाक्य मात्र त्याला कुणीच शिकवलेलं नसतं.