रोपांचा हिशेब नको, जंगलाचा द्या

भारतीय वन सर्वेक्षणाच्या लेखी एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर दहा टक्के वृक्षछत्र असले, की ते वनाच्छादन. मग ती निलगिरीची लागवड असो, आंब्याची बाग असो की शतकानुशतके राखलेली देवराई. या हिशेबाने आपले फार नुकसान केले आहे. १९७४ साली स्थापन झालेल्या वनविकास महामंडळाने विदर्भातली मिश्र जंगले तोडून सागाच्या लागवडी उभ्या केल्या. साग इथलाच, पण मोह, तेंदू, चारोळी गेली की वनावर जगणाऱ्या घरांची मिळकतही जाते. पुण्याच्या टेकड्यांवर मध्य अमेरिकेतले गिरिपुष्प माजले आणि मूळचे गवत, झुडपे मागे हटली. सोलापूरकडच्या माळरानांना तर आपण ‘पडीक’च म्हणत आलो. माळढोक, लांडगा आणि धनगरांची मेंढरे यांचे ते घर. तिथे खड्डे खणून झाडे लावणे म्हणजे पुनरुज्जीवन नव्हे, उच्छेद आहे.

२०१९ मध्ये राज्याने ३३ कोटी रोपांचे लक्ष्य ठेवले होते. आकडा मोठा, पण जंगल आकड्याने उगवत नाही. जिथे मुळे आणि बीज शाबूत आहे, तिथे चराई, वणवा आणि कुऱ्हाड रोखली तरी रान स्वतःहून परतते. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून ही राखण अंगावर घेतली. सरकारने नैसर्गिक वन आणि लागवड यांची आकडेवारी वेगळी प्रसिद्ध करावी, आणि पाच वर्षांनी कोणती झाडे जगली तेही सांगावे.