पूर्वपक्षाची हकालपट्टी

नरहर कुरुंदकर हे फर्डे वक्ते होते, हे विधान मराठी समीक्षाव्यवहारात गौरवाच्या सुरात केले जाते. पण त्याचा प्रत्यक्ष उपयोग त्यांना समीक्षेच्या उंबरठ्याबाहेर बसवण्यासाठी होतो. वक्ता सभा जिंकतो, समीक्षक सत्य शोधतो, अशी सोयीची वाटणी एकदा केली की नांदेडच्या पीपल्स कॉलेजच्या या प्राचार्यांचे ‘पटवून देणे’ हे कसब ठरते, विचारपद्धती ठरत नाही. ही वाटणी करणाऱ्यांना एवढेही स्मरत नाही की, कुरुंदकरांनी ज्यांच्या कलामीमांसेवर ग्रंथ लिहिला त्या आय. ए. रिचर्डस् यांनीच कवीच्या श्रद्धा न मानणाऱ्या वाचकाचा प्रश्न १९२९ साली ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’मध्ये उपस्थित केला, आणि १९३६ साली वक्तृत्वशास्त्र म्हणजे गैरसमज व त्यांवरील उपाय यांचा अभ्यास, अशी मांडणी केली.

कुरुंदकरांच्या युक्तिवादाची घडण त्यांच्या श्रोतृवर्गाने केली आहे. १९३२ साली नांदापूर येथे जन्मलेला हा लेखक निजामी राजवटीत वाढला. उदगीर-लातूर भागात आर्य समाजाचे कार्य रुजलेले होते आणि त्या समाजाबरोबर शास्त्रार्थाची परंपराही आली होती. नांदेडात गुरुद्वारा, उर्दू वाचणारा मोठा समाज, काँग्रेसजन, समाजवादी, संघाचे स्वयंसेवक असे सारेच एका गावात. अशा ठिकाणी नास्तिक, सेवादलाच्या संस्कारातून आलेल्या माणसाचे सर्व म्हणणे मान्य असणारा श्रोता मिळणे दुर्मीळच. पुण्या-मुंबईच्या विद्वत्सभेला ही अडचण क्वचितच आली असेल.

या अडचणीतून त्यांची पद्धती सिद्ध झाली. १९६८च्या ‘श्रीमान योगी’ला त्यांनी लिहिलेली पत्ररूप प्रस्तावना पाहावी. तिचा वाचक भक्त आहे. कुरुंदकर त्या भक्तीवर आघात करीत नाहीत. ती कोठे ठेवावी, एवढेच विचारतात. अफजलखानाचा वध आणि आग्र्याहून सुटका हे रोमहर्षक प्रसंग बाजूला ठेवले तर काय उरते? १६८० साली राजा गेला, १६८९ साली संभाजी मारला गेला, राजाराम जिंजीला गेला, आणि तरीही १७०७ साली औरंगजेब मरेपर्यंत लोक लढत राहिले. हे का घडले, याचे उत्तर शोधताना वाचकाला महसूल, शासन आणि रयतेचा विश्वास यांच्यापर्यंत यावेच लागते. तेही स्वतःच्या श्रद्धेच्या बळावर. न्यायसूत्रांच्या परिभाषेत हा जल्प नव्हे, वाद आहे. मनुस्मृतीवरील त्यांच्या विवेचनातही हेच दिसते: महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी तो ग्रंथ जाळला गेला, हे श्रोत्याला मान्य असेलच असे न धरता, ग्रंथाच्या समर्थकाला समोर बसवून विवेचन पुढे जाते.

या पद्धतीवर एक वजनदार आक्षेप आहे. श्रोत्याच्याच श्रद्धेच्या आधाराने त्याला पुढे नेले तर श्रद्धा अबाधित राहते. भक्त प्रस्तावनेतली थोरवी उचलतो आणि युक्तिवाद टाकून देतो. असे घडलेले आहे. शिवाय बोलण्यातून आलेल्या या गद्यात पुनरुक्ती आहे, संदर्भांची हयगय आहे, अतिरेकी सुटसुटीत द्वंद्वेही आहेत. हे दोष झाकण्याचे कारण नाही.

परंतु या दोषांवर बोट ठेवणाऱ्या समीक्षेने स्वतः काय केले? तिने पूर्वपक्षालाच हाकलून लावले. तो उरला आहे तो केवळ शिव्यांच्या रूपात: रूपवादी, देशीवादी, प्रस्थापित. ‘आंतरसंहितात्मकता’ हा शब्द उच्चारला की आत प्रवेश मिळतो, आणि आत सगळेच आधीपासून सहमत असतात. १९९४ साली नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ झाले; त्याच्या परिसरात दलित आत्मकथनांवर प्रबंध लिहिणारा विद्यार्थी परीक्षकाला जे मान्य आहे तेच परीक्षकाला सांगतो. अपेक्षित उत्तर अचूक लिहिण्याचा ‘लातूर पॅटर्न’ वैद्यकीय प्रवेशासाठी उपयुक्त असेल. साहित्यविचारात तो शिरला की विचार संपतो.

आणि ज्याला पटलेले नाही तो कोठे राहतो? त्याच गावात. २७ जुलै १९७८ रोजी विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात संमत झाल्यावर मराठवाड्यात, नांदेड जिल्ह्यातही, दलित वस्त्या जाळल्या गेल्या. त्या जाळणाऱ्यांना एखादे आत्मकथन वाचून दाखवावे लागले असते तर समीक्षकाने कोणत्या वाक्याने आरंभ केला असता? दलित साहित्याच्या मूल्यमीमांसेवर एवढे लिहिले गेले, पण हा प्रश्न तिच्या कक्षेत आला नाही. तो कार्यकर्त्यांचा प्रश्न मानला गेला. वस्तुतः तो वाङ्मयीन प्रश्न आहे, कारण कोणता अनुभव कोणत्या भाषेत सांगितला असता विन्मुख वाचक ऐकतो, हे संहितेच्या घडणीतच शोधावे लागते.

आजच्या चर्चासत्रांत निबंधवाचन लांबते आणि पहिली काटछाट होते ती प्रश्नोत्तरांची. अध्यक्ष दिलगिरी व्यक्त करतात, आणि सभागृह जेवणाकडे वळते.