पोलिसाचाच मोबाइल हरवला तर?

हरवलेले मोबाइल पोलिसांनी शोधून नागरिकांना परत दिले, असे फोटो आपण सगळेच टाकतो. मीही टाकलेत. काम चांगलंच आहे. पण ज्या पोलिसाच्या मोबाइलमध्ये तुमच्या घरझडतीचं शूटिंग आहे, तोच हरवला तर?

1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. कलम 105 प्रमाणे झडती-जप्तीचं चित्रण करायचं, शक्यतो मोबाइलवर, आणि विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचं. त्यासाठी ई-साक्ष्य अ‍ॅप आहे, ते वेळ-ठिकाण आपोआप नोंदवतं. अ‍ॅप ठीक. पण हँडसेट कोणाचा? हवालदाराचा स्वतःचा असेल तर त्यावरच घरी पोरगं गेम खेळतं आणि त्यावरच गल्लीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतो.

एक क्लिप काय करते, हे मालेगावला शिकवायला नको. 1 जुलै 2018 ला मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेतून शेजारच्या धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच जणांचा जीव गेला. त्याच रात्री आपल्याकडे जमावाच्या तावडीतून एक कुटुंब पोलिसांनीच वाचवलं. आता तपासातली खरी क्लिप बाहेर पडली तर? एखाद्या पीडितेचा जबाब फिरायला लागला तर?

आणि पुरावा गहाळ होणं म्हणजे काय, तेही आपल्याला माहीत आहे. 2008 च्या भिक्कू चौक स्फोटाच्या खटल्यात काही साक्षीदारांचे मूळ जबाबच सापडत नसल्याचं 2016 मध्ये समोर आलं. मग छायाप्रती चालतील का, यावर वाद. तो तर कागद होता.

उपाय काही रॉकेट सायन्स नाही. बँका, कुरिअर कंपन्या कामगारांच्या फोनवर वापरतात तीच व्यवस्था: फोन सरकारी, कामाचा भाग वेगळा कुलूपबंद, हरवला की कंट्रोल रूममधून लॉक, गरज पडली तर आतलं सगळं साफ. मात्र चोर आधी सिम काढतो, मग लॉकचा आदेश पोहोचणार कसा? म्हणून ठरावीक तास सर्व्हरशी संपर्क झाला नाही तर फोनने स्वतःच बंद व्हायला हवं.

हद्दीबाहेर गेला की फोन लॉक, हा पर्याय ऐकायला छान वाटतो. पण आपल्या ठाण्याचं पथक आरोपीमागे सुरतेला गेलं तर? जीपीएस गल्लीबोळात हुकतं, बनावट लोकेशनची अ‍ॅप्स फुकट मिळतात. त्यामुळे हद्द ओलांडली की आधी वरिष्ठाला इशारा जावा, लगेच कुलूप नको. ड्युटी संपल्यावर शिपायाचा माग काढणंही नको. तोही माणूस आहे.

मला खरी धास्ती वेगळीच आहे. दुरून पुसता येतं म्हणजे अडचणीचा पुरावाही दुरून पुसता येतो. म्हणून क्लिप सर्व्हरवर पोहोचून हॅश, म्हणजे फाइलच्या बोटाचा ठसा, जुळल्याशिवाय पुसण्याचं बटण चालूच होऊ नये. सर्व्हरवर न पोहोचलेली क्लिप असेल तर फोन नुसता लॉक करा. कोणी, कधी, कुणाच्या परवानगीने पुसलं, याची नोंद ठाण्याबाहेर राहावी आणि आरोपीच्या वकिलालाही मागता यावी.

नाशिक ग्रामीण पोलिसांकडे माहिती अधिकारात तीन प्रश्न टाकतोय: मालेगावच्या ठाण्यांत तपासासाठी सरकारी हँडसेट किती, खासगी फोन किती वापरात, आणि हरवल्यावर लॉक कोण करतं? उत्तर आलं की इथेच टाकेन.