जपानी बेस गिटार विकण्यापूर्वी

वयाची सत्तरी उलटली की घरातील वस्तू कमी कराव्यात, असे बहुतेकांना वाटू लागते. जुनी भांडी, शिवणयंत्र, मासिकांचे गठ्ठे यांची विल्हेवाट लावताना मन फारसे अडत नाही. परंतु ज्या वस्तूने मनुष्याला चारचौघांत ओळख दिली, ती घराबाहेर काढायची वेळ आली की प्रश्न केवळ जागेचा वा पैशाचा उरत नाही. अशा वेळी घरच्यांनी आणि डॉक्टरांनीही एक साधा प्रश्न विचारावा: ही वस्तू आताच का विकायची आहे?

माझ्याकडे मधुमेहासाठी नियमित येणारे ७४ वर्षांचे एक गृहस्थ आहेत. त्यांनी नोकरी रेल्वेत केली. मात्र सुटीच्या दिवशी आणि रात्री गणेशोत्सवाच्या मांडवांत, लग्नसमारंभांत ते ऑर्केस्ट्राबरोबर बेस गिटार वाजवीत. बोटीवर नोकरी करणाऱ्या एका मित्राकडून घेतलेली, १९७८ साली जपानमध्ये बनलेली ती गिटार विकायचा त्यांनी अचानक हट्ट धरला. सूनबाईंना त्यात वावगे काही वाटले नव्हते. ‘‘कपाटामागची जागा तरी मोकळी होईल,’’ त्या म्हणाल्या. मी आजोबांना कारण विचारले, तेव्हा त्यांनी डावा हात पुढे केला. ‘‘ठेवून काय करू, डॉक्टर? बोटं ऐकत नाहीत.’’

मी त्यांना नमस्कार करायला सांगितले. दोन्ही तळवे एकमेकांना पूर्ण टेकेनात. मध्ये फट राहत होती. दीर्घकाळच्या मधुमेहात त्वचा आणि सांध्यांभोवतीच्या ऊती जाड व ताठर होतात, त्यामुळे असे घडते. शिवाय त्यांची अनामिका मिटल्यावर अडकत होती आणि उघडताना ‘खट्’ असा आवाज होऊन सुटत होती. बोट वाकविणारा स्नायुबंध तळहाताच्या टोकाशी एका अरुंद कड्यातून सरकतो. तेथे सूज आली, की सुईच्या नेढ्यात गाठ पडलेला दोरा अडकावा, तसे बोट अडकते. मधुमेहींमध्ये हा विकार अधिक आढळतो. बेसच्या तारा जाड असतात आणि पट्ट्यांमधील अंतरही साध्या गिटारीपेक्षा मोठे असते. तेथे अनामिकेने साथ सोडली तर वादकाचा हातच लुळा पडल्यासारखा होतो.

घरात सर्वांनी याला ‘वय झाले’ असे नाव देऊन टाकले होते. वास्तविक यावर उपचार आहेत. रात्री बोट सरळ ठेवणारी पट्टी, काही आठवडे विश्रांती, आवश्यक तर त्या जागी स्टेरॉइडचे इंजेक्शन, आणि तेवढ्याने न भागल्यास केवळ हात बधिर करून केली जाणारी छोटी शस्त्रक्रिया. इंजेक्शननंतर काही दिवस रक्तशर्करा वाढू शकते, म्हणून मधुमेहींनी त्या काळात ती अधिक वेळा तपासावी. हाताचा ताठरपणा पूर्णपणे जात नाही. परंतु साखर आटोक्यात ठेवणे आणि बोटांचे नियमित व्यायाम यांचा उपयोग होतो.

आणखी एक गोष्ट मी त्यांना एकट्याला बसवून विचारली. झोप कशी आहे, जेवण जाते का, जगण्यात रस वाटतो का? जिवापाड जपलेल्या वस्तू एखादी व्यक्ती घाईघाईने विकू किंवा वाटून टाकू लागली आणि त्याबरोबर उदासी, निद्रानाश, ‘आता माझे काय उरले’ अशी भाषा असेल, तर ते गंभीर नैराश्याचे लक्षण असू शकते. अशा वेळी ‘जीव नकोसा वाटतो का’ असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात येतो, हा गैरसमज आहे. उलट, बोलायला वाट मिळते. ‘टेलि-मानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य समुपदेशन मिळते. सुदैवाने आमच्या आजोबांचे दुःख बोटांपुरतेच होते. मी त्यांना इतकेच सुचविले, की आधी बोट बरे करू, मग गिटारीचे ठरवू.

त्या मधल्या काळात त्यांनी मला बेसचा इतिहासही शिकविला. लिओ फेंडर यांनी कॅलिफोर्नियात १९५१ साली ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणली आणि भल्यामोठ्या उभ्या डबल बेसचे काम खांद्यावर अडकविता येणाऱ्या वाद्याने होऊ लागले. पुढे जपानी कारखान्यांनी अमेरिकी वाद्यांच्या प्रतिकृती बनविण्यास आरंभ केला. नागानो प्रांतातील मात्सुमोतो या गावी १९६० साली स्थापन झालेली ‘फुजिजेन’ ही त्यांतील एक नामवंत संस्था. ‘इबानेझ’ नावाने विकली जाणारी अनेक वाद्ये तेथेच घडली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस हे काम इतके सुबक झाले, की १९७७ साली गिब्सनच्या मालक कंपनीने गिटारीच्या शेंड्याच्या आकारावरून इबानेझच्या अमेरिकी वितरकाविरुद्ध दावा लावला. तो पुढे आपसांत मिटला. मात्र आजही कोणत्याही जुन्या जपानी प्रतिकृतीला त्या दाव्याचे नाव जोडून किंमत फुगविली जाते, हे घेणाऱ्याने आणि देणाऱ्यानेही ध्यानात ठेवावे.

असे वाद्य ज्यांच्या घरी असेल, त्यांनी प्रथम त्यावरील क्रमांक पाहावा. तो बहुधा मानेच्या सांध्यावरील धातूच्या पट्टीवर किंवा शेंड्याच्या मागे असतो. त्या काळातील फुजिजेनच्या इबानेझ वाद्यांवर आधी महिना दर्शविणारे इंग्रजी अक्षर आणि मग वर्षाचे दोन अंक असत. ‘एफ ७८’ म्हणजे जून १९७८. वाद्य चकचकीत करण्याच्या भरात नवे रंग, नवे स्क्रू, नवे सुटे भाग घालू नयेत. मूळ भाग असतील तर जाणकार अधिक किंमत देतो. पेटीला पावसाळ्यात बुरशी लागली असेल, तर ती मोकळ्या जागेत, नाकातोंडावर मास्क लावून पुसावी. दम्याच्या रुग्णांनी हे काम दुसऱ्यावर सोपवावे. जुना अ‍ॅम्प्लिफायर मात्र अर्थिंग तपासून घेतल्याविना सुरू करू नये, आणि तो एकट्याने उचलूही नये.

व्यवहार करताना ग्राहकाला घरी बोलवायचे असल्यास घरात दुसरे कोणी असावे. ‘पैसे पाठवतो, एवढा कोड स्कॅन करा आणि पिन टाका’ असे कोणी म्हटले, तर तो ठकसेन समजावा. पैसे मिळण्यासाठी पिन कधीच द्यावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. फसवणूक झालीच तर लाजून गप्प न बसता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे.

आमच्या आजोबांचे बोट इंजेक्शननंतर महिनाभरात सुटे झाले. दोन महिने त्यांनी घरी मनसोक्त वाजविले. त्यानंतर त्यांना स्वतःलाच उमगले, की सुमारे ४ किलोंचे वाद्य तासन्‌तास खांद्यावर पेलणे आता जमणार नाही. मग त्यांनी ती गिटार विकली. शेजाऱ्याने पहिल्या आठवड्यात ७ हजारांना मागितलेली ती गिटार एका तरुण वादकाने ५२ हजारांना घेतली. भाव आजोबांनी स्वतः ठरविला. सूनबाई शेजारी बसून फक्त हिशेब लिहीत होत्या. त्यांतील काही रकमेतून त्यांनी आखूड मानेची, हलकी बेस आणली. नेहमीच्या बेसवर तारेची लांबी सुमारे ८६ सेंटिमीटर असते, हिच्यावर ती ७६ आहे; त्यामुळे बोटे कमी ताणावी लागतात. ती ते खुर्चीवर बसून वाजवितात.

वृद्धांची सेवा करणाऱ्या वाचकांना माझी एवढीच विनंती आहे, की घरातील ज्येष्ठ एखादी प्रिय वस्तू विकायला काढतील तेव्हा ग्राहक शोधण्यापूर्वी त्यांचे हात, डोळे, कान आणि मन यांची विचारपूस करावी. काही वेळा दुरुस्तीची गरज वस्तूला नव्हे, माणसाला असते. विचारपूस करूनही वस्तू विकायचीच ठरली, तर खुशाल विकावी. मात्र तो निर्णय त्यांचा असावा आणि भावही त्यांनीच करावा.