शिबिराची टक्केवारी जिल्ह्याची नव्हे

मा. संपादक,


१४ नोव्हेंबरचा जागतिक मधुमेह दिन जवळ आला की गावोगावी नेत्रतपासणी शिबिरे भरतात आणि पाठोपाठ ‘दर तिसऱ्या मधुमेहीच्या डोळ्यांना धोका’ अशा मथळ्याची बातमी येते. शिबिरे व्हायलाच हवीत. त्यांतून कित्येकांची नजर वाचते आणि ती भरवणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. माझा आक्षेप त्यापुढच्या गोष्टीला आहे. शिबिरात आलेल्यांची टक्केवारी जिल्ह्याची म्हणून छापली जाते. मग तीच बैठकांत, प्रस्तावांत आणि भाषणांत फिरू लागते.

शिबिराला कोण येतो? ज्याला धूसर दिसू लागले आहे तो, ज्याला डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आहे तो, ज्याची शुगर दहा-पंधरा वर्षांची आहे तो. एसटी स्टँडवर उभे राहून माणसे मोजली तर अख्खे गाव प्रवासाला निघाले आहे असेच वाटेल. त्यातलाच हा प्रकार. मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यावर होणारा आजार, म्हणजे डायबेटिक रेटिनोपॅथी, सुरुवातीला दुखत नाही, खुपत नाही, नजरही कमी करत नाही. ज्याला स्वच्छ दिसते, तो माणूस मजुरी बुडवून रांगेत कशाला बसेल? आणि आपल्याला मधुमेह आहे हेच ज्याला ठाऊक नाही, तो तर शिबिराच्या वाटेलाही जात नाही.

या न आलेल्यांमुळे आकडा किती बदलतो, हे चेन्नईच्या ‘क्युअर्स’ अभ्यासात स्वच्छ दिसते. शहराच्या लोकवस्तीतून निवडलेल्या मधुमेहींचा हा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. ज्यांचा मधुमेह आधीपासून माहीत होता त्यांच्यात पडद्याचा आजार २०.८ टक्के निघाला; ज्यांचा मधुमेह त्या पाहणीतच कळला त्यांच्यात फक्त ५.१ टक्के. दोघे मिळून १७.६. दुसरा गट वगळला असता तर त्याच शहराचा आकडा तीन टक्क्यांनी फुगला असता. त्याच चेन्नईत शंकर नेत्रालयाने केलेल्या पाहणीत मधुमेहींमध्ये हे प्रमाण १८ टक्के होते, तर चाळिशीपुढच्या सर्व लोकांत ३.५ टक्के. दोन्ही आकडे खरे आहेत, छेद वेगळा आहे. बातमीत छेद न सांगता नुसते टक्के छापले तर वाचकाने काय समजावे?

‘दर तिसरा’ हा आकडाही हवेतून आलेला नाही. १९८० ते २००८ या काळातले निरनिराळ्या देशांमधले ३५ अभ्यास एकत्र करून २०१२ साली काढलेला जागतिक अंदाज ३४.६ टक्के होता. २०२१ च्या तशाच दुसऱ्या संकलनात तो २२ टक्क्यांवर आला. भारतातल्या लोकवस्तीच्या पाहण्यांत तो त्याहूनही कमी निघतो. तरी आपल्याकडच्या भाषणांतून ‘दर तिसरा’ जायला तयार नाही.

आता उलट बाजूची चूक. २०१५ ते २०१९ या काळात केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने २१ जिल्ह्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीत मधुमेहींमध्ये हा आजार १६.९ टक्के आढळला. पुढे ‘स्मार्ट इंडिया’ या दहा राज्ये आणि एका केंद्रशासित प्रदेशातल्या पाहणीत, ४२ हजारांहून अधिक लोकांना गाठून, तो १२.५ टक्के निघाला. हा निष्कर्ष २०२२ मध्ये आला. हे दोन आकडे शेजारी ठेवून ‘आजार घटला’ म्हणणारे मी ऐकले आहेत. पहिली पाहणी पन्नाशीपुढच्यांची होती आणि दुसरी चाळिशीपुढच्यांची. दुसरीत बाहुली मोठी न करता हातातल्या छोट्या कॅमेऱ्याने फोटो काढले होते. वय आणि पद्धत दोन्ही बदलल्यावर घट-वाढीची भाषाच करता येत नाही.

पद्धतीने एवढा फरक का पडतो, हे तपासणीच्या टेबलाशी बसल्याशिवाय कळत नाही. डोळ्यांत थेंब टाकून वीस-तीस मिनिटे थांबावे लागते. नंतर काही तास जवळचे नीट दिसत नाही, उन्हात डोळे दिपतात. त्यामुळे मोटारसायकलवर आलेला तरुण थेंब टाकून घ्यायला तयार नसतो. थेंबांशिवाय फोटो काढला आणि बाहुली बारीक असली की फोटो काळपट येतो. म्हातारीच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला असतो. पडद्यावरचे लाल ठिपके आणि पिवळसर साठे त्याच्या धुक्यात हरवतात. असे फोटो ‘वाचता येत नाहीत’ म्हणून बाजूला काढले जातात आणि छेदातूनही गाळले जातात. पण हे लोक बहुधा वयस्कर, जुन्या मधुमेहाचे, म्हणजे आजाराची शक्यता सर्वांत जास्त असलेले! त्यांना वगळून काढलेली टक्केवारी कमी येणारच. म्हणून असा प्रत्येक माणूस थेंब टाकून पुन्हा तपासला पाहिजे, आणि तरीही जे राहिले त्यांची संख्या अहवालात पहिल्याच पानावर दिली पाहिजे.

आपल्या राज्यात आणखी एक गोष्ट आहे, ती दिल्लीत बसून सुचणार नाही. दसरा-दिवाळीनंतर बीड, अहिल्यानगर भागातली हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. पथक डिसेंबरात गावात गेले तर निम्म्या वस्तीला कुलपे. दारात दिसतात ती मागे राहिलेली म्हातारी माणसे आणि शाळकरी पोरे. अशा पाहणीत चाळिशी-पन्नाशीचा राबता माणूस सापडतच नाही. ‘घर बंद’ अशी नोंद करून शेजारचे घर घेणे सोपे असते, पण त्याने नमुना मोडतो. पाहणी पावसाळ्यात करा, संध्याकाळी जा, बंद घराकडे पुन्हा जा. यात खर्च आहे, पण आकड्याला किंमत येते ती यानेच.

नमुना किती मोठा हवा, तेही सांगतो. प्रमाण १२ टक्क्यांच्या आसपास धरले आणि एक हजार मधुमेही तपासले, तर उत्तर दोन टक्क्यांनी इकडेतिकडे होऊ शकते. गावे गटागटाने निवडल्यास थोडे अधिकच. चाळिशीपुढच्या शंभरांत पंधरा मधुमेही मानले, तर हजार मधुमेही मिळवायला सुमारे पावणेसात हजार लोकांची रक्तशर्करा तपासावी लागेल. नजर जाण्याच्या बेतात असलेल्यांचे प्रमाण ‘स्मार्ट इंडिया’मध्ये चार टक्के होते, म्हणजे त्या हजारांत असे अवघे चाळीस. खरे नियोजन याच चाळिसांवर चालते: लेसर किती, डोळ्यातली इंजेक्शने किती, पडद्याचे डॉक्टर कोणत्या तालुक्यात. दोनशे जणांच्या शिबिरावरून याचे उत्तर कुणीही देऊ शकत नाही.

आणि नुसत्या प्रमाणावरून आरोग्यसेवेला शाबासकी वा दोष देऊ नये. औषधोपचार सुधारले की मधुमेही जास्त वर्षे जगतात, आणि मधुमेह जितका जुना तितका पडद्याचा आजार अधिक. प्रमाण वाढले तरी अंधत्व घटू शकते. इंग्लंडमध्ये २००३ पासून बारा वर्षांवरील मधुमेहींची नावे नोंदवून त्यांना नियमित बोलावून पडद्याचे फोटो काढण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. २००९-१० च्या नोंदी तपासल्या तेव्हा, काही दशकांत पहिल्यांदाच, मधुमेहाचा नेत्रविकार तिथल्या कमावत्या वयातल्या अंधत्वाचे पहिले कारण उरला नव्हता. त्यामुळे आपल्या पाहणीतही ‘आजार किती’ एवढेच विचारून भागणार नाही. ‘तुमचा पडदा कधी तपासला होता?’ हा प्रश्न प्रत्येक मधुमेहीला विचारलाच पाहिजे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ च्या अंदाजानुसार देशात १०.१ कोटी मधुमेही आहेत. राज्याच्या आरोग्य विभागाने वैद्यकीय महाविद्यालयांच्या सामुदायिक वैद्यकशास्त्र विभागांना हाताशी धरून विदर्भ, मराठवाडा, कोकण, खानदेश आणि पश्चिम महाराष्ट्र या प्रत्येकासाठी स्वतंत्र नमुना घेऊन एकाच पद्धतीने पाहणी करावी, आणि पाच वर्षांनी तीच पद्धत, तेच वयोगट ठेवून ती पुन्हा करावी. तोवर आपल्यासारख्या वृत्तपत्रांना एक विनंती आहे. यापुढे अशी टक्केवारी छापण्याआधी वार्ताहराने विचारावे: किती जणांपैकी, ते कसे निवडले, आणि किती जण तपासायचे राहिले. उत्तर मिळाले तर आकड्याशेजारी तेही छापा. मिळाले नाही तर शिबिराची बातमी जरूर द्या, टक्केवारी मात्र गाळा.

आपला,
एक निवृत्त नेत्रचिकित्सा अधिकारी, मराठवाडा